ताफ्यांतील शेवटची गाडी

हिंवाळ्यांतील एखाद्या रविवारीं सकाळीं नागपुराहून वर्ध्याकडे येणाऱ्या रस्त्यावर सहा जुन्या मोटारी एकामागून एक चालल्या आहेत, असें चित्र डोळ्यांपुढें आणावें. कोणाच्या चाकांचे आरे लांकडी, कोणाचा कर्णा रबरी फुग्याचा, तर कोणाचें छप्पर जाड्या कापडाचें. रस्त्याच्या कडेचीं मुलें टाळ्या पिटतात. कापूस वेंचणाऱ्या बायका क्षणभर कंबर सरळ करून पाहतात. पाहणाराला ती मिरवणूक वाटते. परंतु प्रत्येक गाडींत चाक हातीं धरून बसलेल्या माणसाच्या मनांत दोनच प्रश्न घोळत असतात : पुढची गाडी गेली कोठें, आणि मागची येते आहे कीं नाहीं ? ह्या दोन प्रश्नांचें उत्तर वेळेवर मिळणें, यालाच ताफ्यांतील परस्परसंपर्क म्हणावयाचें. विषय वरवर शौकाचा दिसतो. परंतु त्याची गांठ जिवाशीं आहे, हें पुढील विवेचनावरून ध्यानांत येईल.

जुन्या मोटारी जतन करून त्यांच्या सामुदायिक सफरी काढण्याचा छंद हिंदुस्थानांत नवा नाहीं. मोटारधारकांची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही संस्था मुंबईस १९१९ सालीं निघाली. 'स्टेट्समन' ह्या वृत्तपत्राच्या पुढाकारानें जुन्या मोटारींची फेरी दिल्लीस १९६४ मध्यें व कलकत्त्यास १९६८ मध्यें सुरू झाली. पुढें ह्या छंदाला कायद्यानेंही निराळें स्थान दिलें. जुलै २०२१ मध्यें भारत सरकारनें मोटार वाहन नियमांत जीं नवीं कलमें घातलीं, त्यांप्रमाणें पन्नास वर्षांहून अधिक जुन्या आणि मूळ स्वरूपांत राखलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. त्यांच्या क्रमांकांत राज्याच्या अक्षरांपुढें 'व्ही. ए.' हीं अक्षरें येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये व मुदत १० वर्षें असून पुढील नोंदणीस ५,००० रुपये पडतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठीं किंवा भाड्यासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, देखभाल, इंधन भरणें आणि जुन्या मोटारींची सफर, एवढ्याच कारणांसाठीं ती बाहेर काढावयाची.

ह्या नियमांतून एक गोष्ट आपोआप निघते. जी गाडी वर्षांतून मोजक्याच वेळां बाहेर पडते, तिचें यंत्र रोजच्या चालीचें नसतें. आणि ती हांकणाराचा हातही तिच्यापुरता रोजच्या सवयीचा नसतो. शिवाय मालक पुष्कळदां गाडीइतकाच वयस्क असतो. अशा गाड्या जेव्हां एकत्र निघतात, तेव्हां एकीनें दुसरीची खबर ठेवणें ही केवळ सभ्यता राहत नाहीं; तो सुरक्षिततेचा पाया होतो.

पुढील प्रसंग कल्पित आहे; परंतु कोणत्याही ताफ्यांत तो घडूं शकतो. सहा गाड्या नागपुराहून निघाल्या. बुटीबोरीस हैदराबादकडे जाणारा रस्ता सोडून त्यांनीं वर्ध्याची वाट धरली. दुपारीं सेवाग्रामास भेटावयाचें, एवढेंच ठरलें होतें. चौथ्या गाडींत सत्तरी गांठलेले एक गृहस्थ होते व शेजारीं त्यांची नात बसली होती. केळझरच्या अलीकडे त्यांचें इंजिन खोकूं लागलें व बंद पडलें. जुन्या टाकीचा गंज पेट्रोलच्या नळींत येऊन अडकला होता. गृहस्थांनीं गाडी कडेला घेतली. तिसऱ्या गाडीच्या चालकाची नजर दुसरीवर खिळलेली. त्याला मागें काय झालें, याचा पत्ता नव्हता. पांचव्या गाडीतल्या मंडळींस वाटलें कीं, आजोबा नातीला देखावा दाखवीत आहेत; त्यांनीं हात हलविला आणि ते पुढें गेले. सहाव्या गाडीनें पांचवीचें अनुकरण केलें.

वीस मिनिटांनीं नळी फुंकून साफ झाली. गाडी सुरू झाली, परंतु पुढें कोणीच दिसेना. नातीच्या हातांतील मोबाईल वाजत होता. एक म्हणे, "आम्ही पुलाजवळ थांबलों आहों." दुसरा म्हणे, "थांबूं नका, सरळ या." पूल कोणता, हें कोणीं सांगितलें नाहीं. मग आजोबांनीं तेंच केलें, जें मागें पडलेला प्रत्येक माणूस करतो. त्यांनीं पाय दाबला. ताशीं चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांची चाल ज्या गाडीला शोभावयाची, ती सत्तरांवर गेली. पुढें उतार लागला आणि बाजूच्या पांदणींतून कापसानें भरलेली एक ट्रॉली रस्त्यावर आली. ब्रेक दाबतांच गाडी डावीकडे ओढली गेली व मातींत घसरत जाऊन ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. त्या गाडीला पट्टे नव्हते. नातीचें कपाळ समोरच्या फळीवर आपटलें. जखम लहान होती. पण ती मोठी होऊं शकली असती, हें आजोबांच्या थरथरणाऱ्या हातांना कळलें.

ह्यांत दोष कोणाचा ? नळींतल्या गंजाचा नव्हे. जुन्या गाडींत तो असावयाचाच. मोबाईलचाही नव्हे, तो चालू होता आणि आवाजही स्पष्ट येत होता. दोष इतकाच कीं, सहाही जण पुढें पाहत होते आणि मागें पाहणारा कोणी नव्हता. ताफा तुटला म्हणजे मागें राहिलेला माणूस घाई करतो, आणि जुन्या गाडींत घाईइतका मोठा शत्रु नाहीं.

घाई इतकी घातक कां, हें समजण्यासाठीं जुन्या मोटारीची घडण थोडी पाहिली पाहिजे. आजच्या गाडींत ब्रेकवर पाय ठेवला कीं, तेलाच्या दाबानें चारही चाकांस सारखी पकड बसते. जुन्या पुष्कळ गाड्यांत हें काम दांड्या व तारा करीत. एखादी तार जराशी सैल असली, तरी एक चाक आधीं धरतें, दुसरें मागाहून धरतें आणि गाडी एका बाजूस ओढली जाते. फोर्ड कारखान्यानें तेलाच्या दाबाचे ब्रेक १९३९ च्या नमुन्यांपासून दिले. त्यापूर्वींच्या त्याच्या गाड्या दांड्या-तारांवरच थांबत. १९०८ ते १९२७ पर्यंत निघालेल्या प्रसिद्ध 'टी' नमुन्यांत तर पेट्रोल टाकींतून केवळ उतारानें इंजिनाकडे येई. त्यामुळें टाकी रिकामी होत आली असतां खड्या चढावर गाडी उलटी फिरवून मागल्या गतीनें चढवावी लागे. अशा गाडीचे गिअर बदलतांना, प्रज्वलनाची वेळ मागेंपुढें करतांना व जड चाक वळवितांना चालकाचे दोन्ही हात व दोन्ही पाय गुंतलेले असतात. त्याला फोन घेण्यास तिसरा हात नाहीं. कायद्यानेंही हांकतांना हातांत फोन धरण्याचा समावेश २०१९ च्या दुरुस्तीनें धोकादायक हांकणींत केला आहे. म्हणून संपर्काची व्यवस्था अशी हवी कीं, जी चालकाचा हात मागणार नाहीं.

ह्या बाबतींत पूर्वींच्या वाटसरूंपासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. वर्धा जिल्हा हा कपाशीचा जिल्हा. हिंगणघाट, पुलगांव, आर्वी, वर्धा ह्या पेठांकडे कापसाच्या बंड्या रांगेनें जात, तेव्हां धुरकऱ्यापाशीं कोणतेंही यंत्र नसे. होती ती बैलांच्या गळ्यांतील घुंगुरमाळ व आंसाखालीं टांगलेला कंदील. पुढचा धुरकरी मागें वळून पाहत नसे. तो ऐकत असे. मागील घुंगरांचा नाद कानीं येत राहिला, म्हणजे सर्व ठीक. नाद थांबला कीं, तो कासरा ओढी. म्हणजे खबर देण्यासाठीं निराळें कांहीं करावें लागत नसे. चालणें हीच खबर, व थांबणें हाच इशारा.

मोटार आणि बैल यांची सोयरीकही ह्या जिल्ह्यास अपरिचित नाहीं. गांधीजींच्या वास्तव्यकाळीं वर्धा व सेवाग्राम यांच्या दरम्यान फोर्ड मोटारीच्या सांगाड्याला बैल जुंपून केलेलें एक वाहन चाले. इंग्रजींत बैलाला 'ऑक्स' म्हणतात; म्हणून त्याला 'ऑक्सफर्ड' असें विनोदी नांव पडलें होतें. त्या वाहनाचा चालक पुढच्याला गांठण्यासाठीं कधीं घाई करूं शकला नसेल, हा त्याचा एक मोठाच गुण म्हटला पाहिजे.

आगगाडीचें उदाहरण याहून नेमकें आहे. वर्धा जंक्शनावरून गाडी धडधडत जाते, तेव्हां उतारू इंजिनाकडे पाहतात. परंतु रेल्वेचा माणूस शेवटच्या डब्याकडे पाहतो. त्या डब्यामागें दिवसा 'एल. व्ही.', म्हणजे शेवटचें वाहन, अशीं अक्षरें असलेली पाटी आणि रात्रीं तांबडा दिवा असतो. ती खूण दिसली, तरच गाडी संपूर्ण आली, असें मानावयाचें. मधलें एखादें जोड तुटून डबे मागें राहिले असतील, तर इंजिन कितीही डौलानें आलें तरी मार्ग मोकळा धरतां येत नाहीं. गाडी आली याचा पुरावा इंजिन नव्हे. शेवटचा डबा आहे. जुन्या मोटारींच्या ताफ्यासाठीं याहून चांगलें सूत्र शोधूनही सांपडणार नाहीं.

इंग्लंडांत मोटारीच्या पूर्वकाळीं याची दुसरी बाजू दिसली. तेथील १८६५ च्या कायद्यानें यांत्रिक वाहनाच्या पुढें साठ यार्डांवर एका माणसानें तांबडें निशाण घेऊन चालावें, असें ठरविलें होतें. आणि वाहनाची गति उघड्या रस्त्यावर ताशीं चार मैल व वस्तींत दोन मैल एवढीच ठेवली होती. निशाणाची सक्ति १८७८ मध्यें उठली. पुढें माणूस चालविण्याची सक्ति १८९६ मध्यें गेली व गति ताशीं चौदा मैलांवर आली. त्या आनंदाप्रीत्यर्थ १४ नोव्हेंबर १८९६ रोजीं लंडनहून ब्राइटनपर्यंत मोटारींची सफर निघाली. १९२७ पासून तिच्या स्मरणार्थ अतिजुन्या मोटारी त्याच वाटेनें जाऊं लागल्या. पुढें निशाण धरणारा माणूस गेला. परंतु मागें कोणी पाहावें, याचा विचार कोणत्याच कायद्यानें केला नाहीं. तो ताफ्यानेंच करावयाचा आहे.

आतां प्रत्यक्ष रीतींकडे वळणें योग्य होईल. पहिली रीति ही कीं, निघण्यापूर्वीं सर्वांनीं एकत्र उभें राहून क्रम ठरवावा. अग्रभागीं रस्त्याचा माहितगार असावा. त्याच्या लगेच मागें सर्वांत मंद गाडी ठेवावी, म्हणजे अग्रगाडीच्या आरशांत तीच सतत दिसत राहील व ताफ्याची चाल आपोआप तिच्या बेताची राहील. मंद गाडी शेवटीं ठेवली, तर तिला सदैव धांवावेंच लागतें. प्रत्येक गाडीच्या कांचेवर ठळक अंक लावावा. नांवें विसरतात, अंक मोजतां येतात.

दुसरी रीति सर्वांत महत्त्वाची आहे. प्रत्येक चालकानें आपल्या मागच्या गाडीची जबाबदारी घ्यावी, पुढच्या गाडीची नव्हे. आरशांत ती दिसेनाशी झाली, तर वेग कमी करावा; तरीही दिसली नाहीं, तर सोयीची जागा पाहून थांबावें. हा नियम सर्वांनीं पाळला, तर ताफा आपोआप थांबतो. सहावी थांबली म्हणून पांचवी थांबते, पांचवी थांबली म्हणून चौथी, आणि याप्रमाणें खबर एकही शब्द न बोलतां अग्रगाडीपर्यंत पोंचते. बंड्यांच्या घुंगरांचा नियम तो हाच.

तिसरी रीति वळणाची. जेथें मुख्य रस्ता सोडावयाचा असेल, तेथें वळणाऱ्या गाडीनें मागची गाडी दृष्टीस पडेपर्यंत वळणावरच सुरक्षित बाजूस उभें राहावें. मागच्यानें तिला पाहिलें अशी खात्री झाल्यावरच पुढें जावें. बुटीबोरीसारख्या ठिकाणीं, जेथें एक वाट वर्ध्याकडे व दुसरी हिंगणघाटाकडे जाते, तेथें ही रीति मोडली, तर मागची गाडी पंधरा-वीस किलोमीटर भलत्याच दिशेनें जाऊं शकते.

चौथी रीति शेवटच्या गाडीची. ती नव्या बनावटीची, उघडझांप करणाऱ्या पिवळ्या दिव्यांची असावी. कारण जुन्या गाडीचे सहा व्होल्टांचे दिवे दिवसाउजेडीं दिसत नाहींत, आणि आजचे वाहनचालक हातखुणा विसरले आहेत. उजवा हात बाहेर काढून तळवा खालीं करून वरखालीं हालविला, म्हणजे वेग कमी होणार. कोपरापासून हात उभा केला, म्हणजे गाडी थांबणार. हात सरळ आडवा धरला, म्हणजे उजवीकडे वळणार. मोटार हांकण्याच्या जुन्या पाठांतील ह्या खुणा ताफ्यांतील सर्वांनीं अवश्य गिरवाव्या. पण मागून येणारा मालमोटारवाला त्या ओळखील, अशा भरंवशावर राहूं नये. शेवटच्या गाडींत कारागीर, हत्यारें, पाणी, प्रथमोपचाराची पेटी व रस्त्यावर ठेवावयाचा तांबडा त्रिकोण असावा. तिचा एकच धर्म : तिनें कोणालाही ओलांडून पुढें जाऊं नये.

पांचवी रीति बिघाडाची. एक गाडी बंद पडली म्हणून साऱ्या गाड्या महामार्गावर रांगेनें उभ्या करणें हा नवा धोका होय. बंद पडलेल्या गाडीपाशीं केवळ शेवटच्या गाडीनें थांबावें. बाकीच्यांनीं पुढच्या ठरलेल्या मुक्कामावर जाऊन वाट पाहावी. मात्र शेवटची गाडी आली आहे, हें बंद पडलेल्याला व पुढच्यांना कळल्यावांचून कोणीं हलूं नये. समृद्धि महामार्ग ह्या जिल्ह्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. तेथील वाहनांच्या वेगापुढें चाळिशीच्या चालीची गाडी नेणें व ती तेथें बंद पडूं देणें, दोन्ही सारखींच अविचाराचीं. जुन्या मोटारींनीं जुनेच रस्ते धरावे.

सहावी रीति मुक्कामाची. दर वीस-पंचवीस किलोमीटरांवर एक भेटीची जागा ठरवावी व तेथें डोकीं नव्हे, गाड्या मोजाव्या. किती मिनिटें वाट पाहावयाची व त्यानंतर कोणीं मागें जावयाचें, हेंही आधींच ठरावें. अंतरें लिहितांना एक सावधगिरी पाहिजे. जुन्या विलायती व अमेरिकन गाड्यांचे कांटे मैल दाखवितात, रस्त्यावरील दगड किलोमीटर दाखवितात. एक मैल म्हणजे सुमारें १.६ किलोमीटर. म्हणून "बारावर वळा" असें लिहिण्यापेक्षां "नदीचा पूल ओलांडल्यावर डावीकडे" असें लिहावें. दगडाचा रंगही उपयोगी पडतो : पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्यमार्गाचा.

जागेचें नांव पूर्ण सांगावें, हें तर वर्धा जिल्ह्याला कोणी शिकवावें असें नाहीं. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजीं ज्या खेड्यांत राहावयास आले, त्याचें नांव सेगांव होतें. वऱ्हाडांत शेगांव प्रसिद्ध; त्यामुळें पत्रें भलतीकडे जात. अखेर १९४० मध्यें सेगांवाचें सेवाग्राम झालें. ज्या घोटाळ्यापायीं एका गांवाचें नांव बदलावें लागलें, तो ताफ्याच्या चालकानें हलका समजूं नये. एकट्या ह्या जिल्ह्यांत तळेगांव (श्यामजीपंत) आष्टी तालुक्यांत आहे, तर तळेगांव (टालाटुले) वर्धा तालुक्यांत. कारंजा (घाडगे) येथलें, तर कारंजा (लाड) वाशीम जिल्ह्यांतलें. सेलू येथें आहे, तसें परभणी जिल्ह्यांतही आहे; आष्टी येथें आहे, तशी बीड जिल्ह्यांतही आहे. मोबाईलवरील नकाशाला नुसतें "कारंजा" सांगितलें आणि त्यानें भलताच जिल्हा दाखविला, तर त्याला बोल लावतां येणार नाहीं.

आतां यंत्रांविषयीं. हिंदुस्थानांत मोबाईलवरचें पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं झालें. त्यापूर्वीं ताफ्यांतून चुकलेला माणूस एखाद्या दुकानांतून घरीं फोन करी, अग्रगाडीचा माणूसही तेथेंच फोन करी, आणि घरीं बसलेली व्यक्ति दोघांची गांठ घालून देई. ही रीति आजही टाकाऊ नाहीं. घरीं एकानें यादी व फोन घेऊन बसावें. सहा जणांनीं सहा जणांना फोन करण्यापेक्षां सर्वांनीं एकालाच केलेला बरा. मोबाईलवर आपली जागा इतरांस सतत दिसत राहील, अशी सोय असते. ती अवश्य वापरावी. मात्र ती पाहण्याचें काम शेजारी बसणाराचें, चालकाचें नव्हे.

हातांत धरावयाचीं बिनतारी यंत्रें, ज्यांना वॉकी-टॉकी म्हणतात, तीं ताफ्यास विशेष सोयीचीं. कारण एकाचें बोलणें सर्वांस एकदम ऐकूं येतें. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ ह्या पट्ट्यांतील अल्पशक्तीच्या यंत्रांना २०१८ च्या नियमांनीं परवान्यांतून सूट आहे. मात्र यंत्र मान्य नमुन्याचें असलें पाहिजे. अधिक शक्तीचें यंत्र परवान्यावांचून वापरणें हा अपराध होय. ह्या यंत्रांची मजल मोकळ्या सपाटीवर बरी असते. परंतु तळेगांवजवळच्या सत्याग्रही घाटासारख्या ठिकाणीं मध्यें टेकाड आलें कीं आवाज तुटतो. दुसरी अडचण जुन्या इंजिनाची. त्याच्या ठिणग्या बिनतारी लहरींत खरखर उठवितात. म्हणून यंत्र इंजिनापासून शक्य तितकें दूर धरावें. तिसरी अडचण विजेची. जुन्या पुष्कळ गाड्यांची बॅटरी सहा व्होल्टांची असते, आणि कित्येक विलायती गाड्यांत तिचें धन टोंक सांगाड्याला जोडलेलें असतें. बारा व्होल्टांचें नवें यंत्र तिला जोडणें म्हणजे यंत्रास मुकणें. सर्वांनीं आपापलीं यंत्रें घरूनच भरून आणावीं, हें उत्तम.

बोलण्याचीही एक शिस्त आहे. आधीं आपला अंक, मग जागा, मग गोष्ट. "चार क्रमांक. केळझरच्या अलीकडे. इंजिन बंद. माणसें सुखरूप." एवढें पुरें. ऐकणारानें तेंच परत म्हणून दाखवावें. कारण सांगितलेलें पोंचलें, हें परत ऐकल्यावांचून कळत नाहीं. गप्पा, विनोद व गाणीं मुक्कामावर करावीं.

तथापि हीं सारीं साधनें एका गोष्टीपुढें दुय्यम आहेत. यंत्र तेवढें सांगतें, जेवढें त्याला कोणी विचारतें. केळझरजवळ आजोबा उभे होते, तेव्हां पांच मोबाईल चालू होते, परंतु "चौथी गाडी कोठें आहे?" असें विचारावयास कोणी नेमलेला नव्हता. त्याच सफरीची कल्पना ह्या रीतींसह करून पाहावी. चौथी गाडी थांबली, तेव्हां तिसऱ्या गाडीच्या आरशांतून ती गेली. तिसरीनें वेग कमी केला. तिला थांबतांना पाहून दुसरी व पहिली थांबल्या. पांचवी जवळ येऊन "सुखरूप ना ?" असें विचारून सावकाश पुढें निघाली. सहावी, जी शेवटची म्हणून नेमलेली, ती चौथीच्या मागें तांबडा त्रिकोण ठेवून उभी राहिली. नातीनें यंत्रांत चार वाक्यें सांगितलीं. अग्रगाडीनें तीं परत म्हटलीं, आणि पहिल्या तीन व पांचवी पवनारच्या ठरलेल्या जागीं जाऊन थांबल्या. वीस मिनिटांनीं नळी साफ झाली. आजोबांनीं गाडी सुरू केली, आरशांत सहावी पाहिली आणि नेहमींच्या चालीनें ते निघाले. उतारावर कापसाची ट्रॉली पांदणींतून आली. त्यांनीं हात उभा केला, ब्रेक हळूच दाबला व तिला आधीं जाऊं दिलें. घाई करण्याचें त्यांना कारणच नव्हतें. आपली वाट पाहिली जात आहे, हें त्यांना ठाऊक होतें.

श्रोतेहो, संपर्काचें सारें सार एवढेंच आहे. मागें पडलेल्या माणसाला पुढच्यांचा आवाज ऐकूं यावा हें ठीकच. पण त्याहून मोठी गोष्ट ही कीं, आपल्याला सोडून कोणी जाणार नाहीं, ही त्याची खात्री असावी. ती खात्री जेथें आहे, तेथें जुने ब्रेकही पुरेसे होतात. ती जेथें नाहीं, तेथें नवीं यंत्रेंही अपुरीं पडतात. म्हणून सफर पोंचली कीं नाहीं, हें अग्रगाडीला विचारूं नये. शेवटची गाडी आंत आली, तिच्या मागला दिवा विझला आणि मोजणी सहा भरली, म्हणजेच सफर पोंचली असें समजावें.